उरलेल्या तुकड्यांची पॅचवर्क पिशवी: पहिल्यांदा शिवणाऱ्यांसाठी पायरीवार माहिती

पॅचवर्कची पिशवी करायला घेतली की बहुतेकांचा सगळा वेळ रंग जुळवण्यात जातो. पिशवी फसते मात्र भलत्याच ठिकाणी. चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत, तळाच्या शिवणी थोड्याच दिवसांत उसवतात, नाहीतर बंद जिथे जोडलेत तिथेच कापड फाटतं. या तिन्हींवर उपाय आहे, पण तो कापड कापायच्या आधी ठरवावा लागतो. पिशवी तयार झाल्यावर फार काही करता येत नाही.

म्हणून इथे एकच पक्कं माप धरून सगळ्या पायऱ्या दिल्या आहेत. पहिली पिशवी याच मापाची करा, मग पुढे हवे ते बदल करा. तयार पिशवी तोंडाशी साधारण १३ इंच रुंद, १४½ इंच उंच आणि तळाशी ४ इंच खोल होते. वह्या-पुस्तकं, भाजी, लॅपटॉपचा चार्जर, पाण्याची बाटली असं रोजचं सामान तिच्यात नीट मावतं.

काय काय लागेल

कापड:

- ४ × ४ इंचाचे ३२ चौकोन (पुढच्या बाजूला १६, मागच्या बाजूला १६)
- तळासाठी जाड कापडाच्या २ पट्ट्या, प्रत्येकी १४½ × ४ इंच. डेनिम, कॅनव्हास किंवा पडद्याचं जाड सुती कापड चालेल.
- आधारासाठी १६½ × २० इंचाचे २ तुकडे. जुनी जाड सुती चादर किंवा फ्लॅनेल उत्तम.
- अस्तर आणि आतला खिसा: ४४ इंच पन्ह्याचं अर्धा मीटर सुती कापड
- बंदांसाठी २ पट्ट्या, प्रत्येकी २६ × ४ इंच

साधनं: सरळ टीप मारणारं कोणतंही शिलाई मशीन, १४ नंबरच्या सुया (डेनिम वापरणार असाल तर १६ नंबरचीही एक), पॉलिएस्टर दोरा, टाचण्या, खडू, धारदार कात्री, पट्टी, मोजायचा टेप, टीप उसवायचं छोटं हत्यार आणि इस्त्री. रोटरी कटर आणि मॅट असेल तर कापण्याचं काम झपाट्याने होतं, पण नसलं तरी अडत नाही. इस्त्री नसेल तर मात्र हे काम हाती घेऊ नका.

मापं इंचात आहेत. बारीक फरक सांगताना सूत वापरलं आहे. एका इंचाचे ८ सूत, म्हणजे पाव इंच म्हणजे २ सूत.

१. तुकडे निवडा आणि धुऊन घ्या

सुती शर्ट, चादरी, उशांचे अभ्रे, कुर्ते यांचं मध्यम जाडीचं कापड सगळ्यात सोपं. ते सरकत नाही, इस्त्रीला दाद देतं आणि टीप मारताना ताणलं जात नाही. टी-शर्टचं लवचिक कापड, जॉर्जेट, सॅटिन पहिल्या पिशवीत नकोच. एखादा तुकडा फारच आवडता असेल तर त्याच्या उलट्या बाजूला पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) चिकटवून त्याला स्थिर करा आणि मगच कापा.

जाडीकडे लक्ष द्या. अगदी पातळ मलमल आणि जाड डेनिम शेजारी-शेजारी जोडले तर जोडावर सगळा ताण पातळ कापडावर येतो. ते सुईच्या भोकांच्या रेषेवरच फाटतं. ३२ चौकोनांची जाडी साधारण सारखी ठेवा. जाड कापड तळाच्या पट्टीत आणि बंदांत वापरायचं आहेच.

जुनं कापड वापरताना ते उजेडासमोर धरा. विरलेला भाग लगेच दिसतो. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी धरून ते जोरात ओढा. चर्रकन आवाज आला किंवा धागे सरकले तर तो तुकडा बाजूला काढा. शर्टाची पाठ आणि बाह्यांचा वरचा भाग बहुधा चांगला निघतो. कॉलर, काख आणि कोपराजवळचं कापड झिजलेलं असतं.

नवे तुकडे शिवण्याआधी धुणं टाळू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि प्रत्येक कापड वेगळ्या प्रमाणात आटतं. न धुता शिवलं तर पिशवी पहिल्यांदा धुतल्यावर काही चौकोन आकसतात आणि शेजारचे फुगतात. रंगाची परीक्षाही याच वेळी होते. गडद तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून पिळा. डाग उमटला तर रंग सुटायचा थांबेपर्यंत तो वेगळा धुवा. थांबतच नसेल तर तो तुकडा सोडून द्या. लाल आणि गडद निळा यांच्यावर विशेष नजर ठेवा.

बारीक तुकडे धुताना त्यांचे धागे सुटून मोठा गुंता होतो. जाळीच्या पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात घालून धुतलेत तर तो टळतो.

२. चौकोन कापा

आधी इस्त्री, मग कापणं. सुरकुतलेल्या कापडावर आखलेला चौकोन इस्त्रीनंतर चौकोन राहत नाही.

४ × ४ इंचाचा साचा जाड प्लॅस्टिकचा करा. जुन्या फाइलचं कव्हर छान चालतं. पुठ्ठ्याचे कोपरे दहा-बारा वेळा आखल्यावर गोल व्हायला लागतात आणि पुढचे चौकोन हळूहळू बदलत जातात. साच्याभोवती आखलेली रेघ साच्याच्या बाहेर पडते, म्हणून कात्री रेघेच्या आतल्या अंगाने चालवा. कात्रीने एका वेळी दोनपेक्षा जास्त थर कापू नका, खालचा थर सरकतो.

चौकोनाच्या कडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर हव्यात. काठ शिल्लक नसलेल्या तुकड्यात धागा कोणत्या दिशेला आहे ते कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून काढा. पडलेली रेघ तीच दिशा. तिरका कापलेला चौकोन हाताळतानाच ताणला जातो आणि मग शेजारच्याशी जुळत नाही.

४ इंचांपेक्षा लहान तुकडे टाकून देऊ नका. दोन-तीन लहान तुकडे पाव इंच माया (टिपेपासून कडेपर्यंत सोडलेलं कापड) धरून एकमेकांना जोडा, इस्त्री करा आणि त्या जोडलेल्या कापडावर साचा ठेवून चौकोन कापा. असे पाच-सहा चौकोन मिसळले की पिशवी जास्त जिवंत दिसते. त्यांचे जोड मात्र चौकोनाच्या कोपऱ्यात येऊ देऊ नका, नाहीतर तिथे मायेची गाठ होते.

३. मांडणी करा

जमिनीवर किंवा पलंगावर ४ आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत ४ चौकोन असे दोन संच मांडा. रंगांपेक्षा फिकट-गडद यांचा तोल जास्त महत्त्वाचा. मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. सगळे गडद चौकोन एका कोपऱ्यात गोळा झाले असतील तर लगेच दिसतात. मोठ्या नक्षीचे चौकोन एकमेकांना चिकटून ठेवू नका, मध्ये एखादा साधा एकरंगी येऊ द्या. दिशा असलेली नक्षी (पक्षी, फुलदाणी, अक्षरं) कोणत्या बाजूने वर आहे तेही आत्ताच बघा.

समाधान झालं की शेवटचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक ओळीच्या डावीकडच्या चौकोनाला ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचा. मशीनपर्यंत नेताना ढीग हटकून उलटसुलट होतो.

४. चौकोन जोडा

सगळ्या पिशवीची सफाई या पायरीवर अवलंबून आहे. इथे वेळ गेला तरी चालेल.

जोडणीची माया पाव इंच, म्हणजे २ सूत. बऱ्याच मशीनवर फूटची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) उजवी कड सुईपासून पाव इंचावर असते, पण गृहीत धरू नका, मोजा. फरक असेल तर सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला लावून चालवा. मग दोन रद्दी चौकोन जोडून इस्त्री करा आणि माप घ्या. जोडाची रुंदी बरोबर ७½ इंच यायला हवी. ७⅜ आली तर माया जास्त जातेय, ७⅝ आली तर कमी. नुसता अर्धा सूत चुकला तरी प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचा मिळून १ सूत जातो. एका ओळीत तीन शिवणी आहेत, म्हणजे ओळ ३ सूतांनी कमी-जास्त होते. कोपरे न जुळण्याचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक मात्र शेवटी कापड ओढून-ताणून जुळवत बसतात.

टाक्याची लांबी २ ते २½ मिलिमीटर ठेवा. जुन्या मशीनवर मिलिमीटरचा आकडा नसेल तर इंचात १० ते १२ टाके बसतील असा खटका लावा. सुलट बाजू आमनेसामने ठेवून दोन चौकोन जोडा आणि दोरा न तोडता लगेच पुढची जोडी सुईखाली सरकवा. सगळ्या जोड्या माळेसारख्या बाहेर येतात, नंतर मधले दोरे कापायचे. दोरा वाचतो आणि सुरुवातीला कापडाचा कोपरा खाली ओढला जाण्याचा त्रासही कमी होतो.

ओळ पूर्ण झाली की इस्त्री. आधी शिवण जशी आहे तशीच बंद ठेवून दाबा, म्हणजे टाके कापडात बसतात. मग तुकडा उघडून माया एका बाजूला पाडा. इस्त्री घासू नका. ठेवा, दाबा, उचला. घासली की चौकोन तिरके ताणले जातात.

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची माया उजवीकडे पाडा, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीची डावीकडे. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की विरुद्ध दिशेच्या माया एकमेकींना अडतात आणि शिवण शिवणीवर चपखल बसते. बोटांना ते जाणवतं. प्रत्येक जोडावर एक टाचणी लावा आणि सुई जवळ आली की काढा. टाचणीवरून टीप मारली तर सुई तुटते किंवा तिचं टोक बोथट होतं, आणि बोथट सुईचे टाके सुटतात.

चारही ओळी जोडल्यावर तुकडा १४½ × १४½ इंच यायला हवा. थोडं कमी आलं तर घाबरू नका. फक्त दोन्ही बाजू एकमेकींच्या बरोबरीच्या आहेत ना ते बघा. लहान आलेल्या तुकड्याच्या मापाला मोठा छाटा.

५. तळाची पट्टी जोडा

सगळी पिशवी वरपासून खालपर्यंत चौकोनांची करायचा मोह होतो. टाळा. पिशवी जमिनीवर टेकते तो भाग सर्वात आधी झिजतो, आणि पॅचवर्कमध्ये तिथे नेमक्या शिवणी येतात. जाड कापडाची सलग पट्टी लावली की तळ बराच काळ टिकतो, आणि कळाही छान येते.

पट्टी पॅचवर्कच्या प्रत्यक्ष रुंदीइतकी कापा. कागदावरच्या मापावर विसंबू नका. पाव इंच मायेने खालच्या कडेला जोडा आणि माया वर, चौकोनांच्या बाजूला पाडा. खाली पाडली तर जाड कापड स्वतःवर दुमडून तिथे वळी उठते. शिवणीपासून १ सूत वर सुलट बाजूने एक टीप मारा, म्हणजे माया जागेवर बसते. आता प्रत्येक बाजू साधारण १४½ × १८ इंच झाली असेल.

६. आधाराचं कापड आणि क्विल्टिंग (थर एकत्र शिवणं)

पिशवीचा भार चौकोनांनी पेलायचा नाही, त्यांच्या मागच्या सलग कापडाने पेलायचा. ही पायरी गाळली तर प्रत्येक पाव इंचाची शिवण वजनाने ताणली जाते आणि एक दिवस उसवते.

आधाराचा तुकडा इस्त्री करून सपाट पसरा, त्यावर पॅचवर्क सुलट बाजू वर करून ठेवा. सगळीकडून एकेक इंच आधार बाहेर दिसेल. मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, वीतभर अंतरावर टाचण्या किंवा कच्चे टाके घाला. कडेने सुरुवात केली तर मध्ये फुगा अडकतो आणि तो कुठेही जात नाही.

टाक्याची लांबी आता ३ मिलिमीटर. बरोबर शिवणीत टीप मारायला सराव लागतो, जरा घसरली की लगेच दिसते. त्यापेक्षा शिवणीपासून पाव इंचावर समांतर टीप मारा, थोडी वाकडी झाली तरी डोळ्याला खुपत नाही. आधी मधली उभी रेघ, मग तिच्या दोन्ही बाजूंच्या, मग आडव्या. उभ्या रेघा थेट तळाच्या पट्टीच्या शेवटापर्यंत न्या. सगळ्या उभ्या रेघा वरून खाली याच दिशेने मारा. एक खाली, एक वर असं केलं तर कापड दोन दिशांनी ओढलं जातं आणि चौकोन तिरपे दिसायला लागतात.

फूटचा दाब कमी करता येत असेल तर थोडा कमी करा. वरचा थर पुढे ढकलला जाऊन चुण्या पडत असतील तर हा दाबच कारण असतो.

आधाराऐवजी फ्युजिंग चिकटवूनही काम भागतं आणि वेळ वाचतो. स्वस्त फ्युजिंग मात्र दोन-चार धुण्यांत सुटून फुगे धरतं. चादरीचा आधार कधीही बरा.

क्विल्टिंगने तुकडा थोडा आकसतो, हे अपेक्षितच आहे. आता दोन्ही बाजू पट्टीने मोजून काटकोनात छाटा, साधारण १४ × १७½ इंच. डावीकडून-उजवीकडून सारखंच कापा. दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून तळाची पट्टी दोन्हींत एकाच उंचीवर येते का ते बघा. शेवटी चारही कडांना १ सूत आत साधी टीप मारून थर बांधून घ्या.

७. अस्तर आणि खिसा

अस्तर आत्तापर्यंत कापलेलं नाही ते मुद्दाम. छाटलेल्या बाहेरच्या तुकड्याचं माप घ्या आणि नेमक्या त्याच मापाचे दोन तुकडे कापा. अस्तर फिकट रंगाचं निवडा. काळ्या अस्तराच्या पिशवीत किल्ल्या शोधणं वैताग आणतं.

खिशासाठी ८ × १३ इंचाचा तुकडा सुलट बाजू आत करून मध्ये दुमडा (८ × ६½). तिन्ही उघड्या बाजूंना पाव इंच माया धरून टीप मारा, खाली २ इंच जागा उघडी ठेवा. कोपऱ्यातली माया तिरकी छाटा, सुलटा करा, इस्त्री करा. दुमडलेली कड वर ठेवून अस्तराच्या वरच्या कडेपासून ३½ इंच खाली मध्यभागी लावा आणि तीन बाजूंनी टीप मारा. उघडी जागा त्याच टिपेत बंद होते. खिशाच्या वरच्या दोन्ही टोकांना छोटा त्रिकोण शिवा, हात घालताना ताण तिथेच येतो.

८. बंद

पट्टी उभ्या धाग्यावर, म्हणजे काठाला समांतर कापा. आडव्या धाग्याचं कापड वजनाने लांबत जातं आणि पिशवी गुडघ्याला लागायला लागते. एवढा लांब तुकडा नसेल तर दोन तुकडे तिरक्या शिवणीने जोडा. जाडी एका जागी न साचता पसरते. जोड खांद्यावर टेकणाऱ्या मधल्या भागात येऊ देऊ नका.

पट्टी लांबीत मध्ये दुमडून इस्त्री करा, उघडा, दोन्ही कडा मधल्या रेघेपर्यंत आणा, पुन्हा मध्ये दुमडा. ४ इंचांची १ इंच रुंद, चार थरांची पट्टी तयार होते. दोन्ही कडांना १ सूत आत टीप मारा आणि मध्ये अजून एक. तिन्ही टिपा एकाच टोकाकडून सुरू करा, नाहीतर बंद पिळतो.

२६ इंचाचा बंद खांद्याला लागतो. हातात धरायची पिशवी हवी असेल तर १८ इंच पुरे.

९. बाजू आणि तळ शिवा

इथून पुढे माया अर्धा इंच. हा बदल विसरू नका. पाव इंचावर बाजू शिवली तर जाड थरांवर ती टिकत नाही.

बाहेरचे दोन तुकडे सुलट बाजू आमनेसामने ठेवा. आधी तळाच्या पट्टीच्या शिवणी दोन्ही बाजूंना जुळवून टाचा, मग बाकीचं. दोन बाजू आणि तळ शिवा, वरचं तोंड उघडं. सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे टीप मारून पक्कं करा. तळाच्या शिवणीवर दुसरी टीप तिच्याच वर मारा.

अस्तरही तसंच, दोन फरकांनी. तळाच्या मधोमध ६ इंच जागा उघडी ठेवा, पिशवी तिथूनच सुलटी होणार आहे. आणि वरून २ इंच खाली आल्यावर माया अर्ध्या इंचावरून ५ सूतांवर न्या. अस्तर किंचित लहान झालं की आत लोंबत नाही. तोंडाचा घेर मात्र बाहेरच्या पिशवीइतकाच राहायला हवा, म्हणून वरच्या दोन इंचांत माया बदलायची नाही.

जाड जोडावर फूट चढताना अडतो आणि टाके एका जागी गोळा होतात. फूटच्या मागच्या बाजूखाली दुमडलेल्या कापडाचा तेवढ्याच जाडीचा टेकू द्या, म्हणजे तो सपाट राहतो. तिथे पेडल न दाबता चाक हाताने फिरवा.

१०. तळाचे कोपरे

पिशवी उलटीच असू द्या. कोपरा असा चिमटीत धरा की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बरोबर बसेल आणि त्रिकोण तयार होईल. टोकापासून शिवणीवर २ इंच मोजा आणि तिथे शिवणीला काटकोनात रेघ आखा. रेघेची लांबी ४ इंच भरायला हवी, हीच तळाची खोली.

टोक म्हणजे टिपांचं टोक. कापडाच्या कडेपासून मोजलं तर माया धरली जाते, तळ अरुंद होतो आणि अस्तराशी मेळ बसत नाही. दोन्ही कोपरे शिवण्याआधी चारही रेघा मोजून बघा. बाहेरच्या पिशवीचे दोन, अस्तराचे दोन.

रेघेवर दोनदा टीप मारा आणि अर्धा इंच माया ठेवून टोक कापा. बाजूची माया एकीकडे आणि तळाची दुसरीकडे वळवलीत तर इथली जाडी निम्मी होते.

११. बंद लावा आणि तोंड जोडा

बाहेरची पिशवी सुलटी करा. प्रत्येक बाजूच्या शिवणीपासून ३½ इंचावर बंदाची बाहेरची कड येईल असं टाचा. बंद खाली लोंबता, पिशवीच्या सुलट बाजूला टेकलेला हवा. एकच बंद एकाच बाजूच्या दोन्ही खुणांवर लागतो. पुढून मागे गेला तर पिशवीचं तोंड उघडतच नाही. बंद पिळलेला नाही याची खात्री करा. बंदाची टोकं पिशवीच्या कडेच्या अर्धा इंच बाहेर राहू द्या. पाव इंचावर मागे-पुढे टीप मारून ती पक्की करा. बंद चौकोनांच्या उभ्या शिवणीवर येत असेल तर सूत-दोन सूत आत सरकवा, एवढ्या थरांतून सुई जात नाही.

अस्तर उलटं असू द्या आणि सुलटी पिशवी त्याच्या आत घाला. दोघांच्या सुलट बाजू आता एकमेकींना टेकतात, बंद मध्ये दडलेले असतात. बाजूच्या शिवणी जुळवून टाचा. अस्तराचा घेर मोठा निघाला तर कापड चुण्या घालून बसवू नका. अस्तराची बाजूची शिवण वरच्या भागात थोडी आत घ्या. मग तोंडाभोवती अर्धा इंच मायेने टीप मारा. बंदांवरून जाताना तीन वेळा मागे-पुढे.

१२. सुलटी करा आणि शेवटच्या टिपा

अस्तराच्या तळातल्या उघड्या जागेतून सगळी पिशवी हळूहळू बाहेर ओढा. अस्तर बंद करायच्या आधी एक छोटं काम उरकून घ्या. त्याच जागेतून हात घालून बाहेरच्या पिशवीच्या कोपऱ्याची माया अस्तराच्या त्याच कोपऱ्याच्या मायेला हाताने चार-पाच टाके घालून बांधा. सामान काढताना अस्तर हाताबरोबर बाहेर येणं त्याने थांबतं. मग उघड्या जागेच्या कडा आत दुमडून अगदी काठावरून टीप मारा.

अस्तर आत ढकला, तोंडाची कड बोटांनी गोल फिरवून नीट बाहेर काढा आणि इस्त्री करा. टाका ३ ते ३½ मिलिमीटर ठेवून कडेपासून पाव इंचावर पूर्ण घेराची टीप मारा. दुसरी टीप पाऊण इंचावर. ही दुसरी शोभेची नाही. आत बंदाची १ इंच शेपटी आहे, ती या टिपेत पकडली जाते आणि बंदाचा भार एकाच शिवणीवर न राहता दोन-तीन टिपांमध्ये वाटला जातो.

मध्येच अडलं तर

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतोय: बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष द्यायच्या आधी वरचा दोरा पुन्हा ओवा, आणि ओवताना फूट वर उचललेला ठेवा. फूट खाली असताना ओवला तर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही.

टाके सुटतात: सुई बदला. जाड थरांवर १४ ऐवजी १६ नंबर. सुईची सपाट बाजू तुमच्या मशीनला हवी तशीच बसली आहे ना, तेही बघा.

पिशवी उभी राहत नाही: कापडी पिशवी मुळात मऊच असते. फार लोळत असेल तर तळाच्या मापाचा, साधारण ९ × ४ इंचाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा कापडी खोळीत घालून आत ठेवा. धुताना तो काढता यायला हवा, म्हणून शिवून टाकू नका.

धुताना पिशवी उलटी करून थंड पाण्यात, पहिल्या दोन वेळा एकटीच धुवा. बंदांना धरून वाळत घालू नका, ओल्या वजनाने ते लांबतात. तळ वर करून आडव्या दोरीवर टाका. किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवली की चौकोन पुन्हा सपाट बसतात. पहिल्या धुण्यानंतर सगळ्या जोडांवरून एकदा बोट फिरवा. कुठे माया निसटून बारीक भोक पडलं असेल तर त्याच वेळी दोन-चार टाके घाला, भोक मोठं झाल्यावर अख्खा चौकोन बदलावा लागतो.